स्लो कुकर आणि रविवारचे पाहुणे

स्लो कुकरमध्ये पदार्थ तासन्‌तास उकळीच्या जरा खालीच राहतो. जाड चिनी मातीचे भांडे, त्याला वेढणारे विजेच्या तारेचे धातूचे कवच आणि वर काचेचे जड झाकण, एवढीच त्याची रचना. उष्णता मुख्यतः भांड्याच्या कडांतून येते. बुडाला थेट जाळ लागत नाही, म्हणून सतत ढवळावे लागत नाही आणि पदार्थ सहसा करपत नाही. वाफ झाकणाला लागून थंड होते आणि पाणी होऊन पुन्हा आत उतरते. झाकणाच्या कडेशी हेच पाणी साचून फट बुजते.

भांड्यावर ‘लो’, ‘हाय’ आणि ‘वॉर्म’ अशा तीन खुणा असतात. ‘लो’ आणि ‘हाय’वर पदार्थ शेवटी जवळपास सारख्याच तापमानाला पोहोचतो, साधारण ९८ अंश सेल्सियसला. फरक पडतो तो तिथवर जायला लागणाऱ्या वेळेचा. ‘हाय’वर चार ते सहा तासांत जे होते, त्याला ‘लो’वर आठ ते दहा तास लागतात. ‘वॉर्म’ ही खूण शिजलेले अन्न गरम ठेवण्यापुरती आहे. त्यावर कच्चे काही शिजवायचे नसते. वीज थोडीच लागते. अडीचशे वॉटचे भांडे आठ तास चालले तर दोन युनिट होतात.

मराठी स्वयंपाकघराला मंद आच नवी नाही. चुलीच्या बाजूला जोडलेल्या वैलावर मुख्य चुलीचा उरलासुरला जाळ येई आणि त्यावर दूध तापत राही, वरण शिजत राही. पुढे गॅस आला, प्रेशर कुकर आला आणि तासाचे काम शिट्ट्यांवर आले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत स्लो कुकर बहुधा कुणाच्या तरी भेटीतून येतो आणि बरेच दिवस कपाटात राहतो, कारण सोबतच्या पुस्तिकेतले पदार्थ आपले नसतात आणि आपल्या पदार्थांची कृती पुस्तिकेत नसते. या लेखातला अनुभव न्यू जर्सीतल्या अशाच एका घरातला, लेखिकेच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला आहे. तिथे रविवारी दुपारी आठ-दहा माणसे जेवायला येतात, आणि त्या जेवणात एक पदार्थ स्लो कुकरमधला नवा असतो. पुढे दिलेली प्रत्येक कृती त्या पानांवर पारखलेली आहे. त्यातून हाती आलेली मुख्य गोष्ट अशी की स्लो कुकर मऊ करण्याचे काम उत्तम करतो, पण रंग, खमंगपणा आणि झणका विस्तवावरच येतो. ही दोन कामे नीट वाटून दिली की नवा पदार्थ पाहुण्यांसमोर निर्धास्त ठेवता येतो.

भांड्याचा इतिहास

या भांड्यामागची कल्पना शब्बाथच्या जेवणाची आहे. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नसतो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले तेही शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत कडधान्ये, बटाटे, जव आणि मांस एका मडक्यात घालून ते शुक्रवारी सायंकाळी बेकरीच्या भट्टीत ठेवत. भट्टीच्या उतरत्या उष्णतेवर ते रात्रभर शिजे आणि शनिवारी दुपारी गरम जेवण मिळे. या पदार्थाला चोलंट म्हणतात.

आयर्विंग नॅक्सन यांचा जन्म १९०२ साली न्यू जर्सीत झाला. त्यांच्या आईचे बालपण लिथुआनियातल्या विल्ना शहरात गेले होते आणि चोलंटची हकिगत नॅक्सन यांनी तिच्याकडूनच ऐकली. त्यावरून त्यांनी स्वतः तापणारे विजेचे भांडे तयार केले. पेटंटसाठी १९३६ मध्ये अर्ज केला आणि ते १९४० मध्ये मिळाले. ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने ते भांडे विकले जाई, मुख्यतः घेवड्याच्या बिया शिजवण्यासाठी. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला आणि १९७१ मध्ये हेच भांडे नव्या रूपात ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणले. १९७४ मध्ये आतले भांडे सुटे निघू लागले, त्यामुळे घासायची सोय झाली. नोकरीला जाणाऱ्या स्त्रियांनी ते उचलून धरले. सकाळी सगळे आत टाकून जायचे आणि संध्याकाळी परत आल्यावर गरम जेवण घ्यायचे, अशी ती सोय होती.

दुपारच्या जेवणाचे वेळापत्रक

भांड्याची सगळी गणिते रात्रीच्या जेवणासाठी बसवलेली आहेत. पाहुणे दुपारी एकला येणार असतील तर आठ तासांचा पदार्थ पहाटे पाचला लावावा लागतो. त्यावर दोन मार्ग आहेत. मटणासारखा दीर्घ वेळ घेणारा पदार्थ रात्रभर शिजवायचा आणि सकाळी ‘वॉर्म’वर आणायचा. कडधान्यासारखा मध्यम वेळ घेणारा पदार्थ सकाळी आठला ‘हाय’वर लावायचा. भांड्याला टायमर असेल तर ठरलेल्या वेळी ते आपोआप ‘वॉर्म’वर जाते आणि रात्री उठावे लागत नाही. टायमरने पदार्थ उशिरा सुरू करण्याची सोय काही भांड्यांत असते, पण कच्चे मांस घालून तसे कधीच करू नये.

त्याचे कारण तापमानात आहे. ४ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात, आणि स्लो कुकर हा टप्पा सावकाश ओलांडतो. म्हणून मांस फ्रीझरमधून काढून थेट भांड्यात टाकायचे नाही. ते आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटे होऊ द्यायचे. पाणी घालायचे ते कढत, मसाला घालायचा तो कढईतून उतरवल्याबरोबर, आणि पहिला एक तास भांडे ‘हाय’वर ठेवायचे. भांडे निम्म्यापेक्षा कमी किंवा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचे नाही. कमी भरले तर पदार्थ आटतो, जास्त भरले तर मधला भाग तापायला फार वेळ लागतो.

एकदा लावले की झाकण उघडायचे नाही. उघडले की आतली वाफ निघून जाते आणि गेलेली उष्णता भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. पाहुण्यांबरोबर आलेल्या मुलांना आत काय आहे हे बघायची फार उत्सुकता असते. त्यांना काचेतून बघायला सांगितले की काम भागते.

पदार्थ निवडताना

एका जेवणात नवा पदार्थ एकच असावा. बाकीचे पान हातखंडा पदार्थांचे ठेवायचे: कोशिंबीर, चटणी, साधे वरण, भात, पोळ्या किंवा भाकरी. मग नवा पदार्थ बेताचा झाला तरी कुणी अर्धपोटी उठत नाही. आमंत्रण देतानाच दोन प्रश्न विचारून घ्यायचे. त्या दिवशी कुणाचा उपास आहे का, आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे का. अमेरिकेत वाढलेल्या मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी भेटते, आणि मराठी स्वयंपाकात दाण्याचे कूट कुठे पडेल याचा नेम नसतो. अशा वेळी त्या दिवसापुरते कूट स्वयंपाकघरातच आणायचे नाही, म्हणजे चमच्यांची अदलाबदल होऊन घोळ होत नाही.

नेहमीची कृती या भांड्यात आणताना पाणी कमी करावे लागते, कारण वाफ बाहेर जात नाही. कढईत चार वाट्या पाणी लागणाऱ्या रश्शाला इथे अडीच ते तीन वाट्या पुरतात. गोडा मसाला, गरम मसाला आणि कोथिंबीर शेवटच्या अर्ध्या तासात घालायची. आठ तासांत त्यांचा वास मंदावतो. दही, दूध आणि नारळाचे दूधही शेवटीच, नाहीतर फाटते. बटाटा, गाजर अशी कंदमुळे मांसापेक्षाही हळू शिजतात, म्हणून ती बुडाशी आणि कडेला लावायची.

मटणाचा रस्सा

या भांड्याला सर्वांत शोभणारा पदार्थ म्हणजे मटण. खांदा, मान आणि नळी या भागांत संयोजी ऊती भरपूर असतात. त्यांतले कोलॅजेन नावाचे प्रथिन सत्तर अंशांच्या वर बराच वेळ राहिले की विरघळून जिलेटिन होते. तेच रश्शाला दाटपणा देते आणि मांस हाडापासून सुटे करते. म्हणून पाहुण्यांसाठी मांडीचे महाग तुकडे घेण्यापेक्षा खांद्याचे हाडासकट तुकडे घ्यावेत. न्यू जर्सीत बोकडाचे मटण हलाल दुकानांत मिळते आणि हवे तसे तोडून देतात.

दीड किलो मटणाला हळद, मीठ, आले-लसूण लावून ठेवायचे. कढईत तेल तापवून तुकडे थोडेथोडे घालून चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे. हा टप्पा टाळता येत नाही. मांसाचा खमंग तांबूस रंग आणि वास १४० अंशांच्या आसपास आणि त्याहून वर भराभर तयार होतो, आणि स्लो कुकर शंभरच्या वर जात नाही. त्याच कढईत कांदा, सुके खोबरे, धणे, तीळ, खसखस, लवंग, दालचिनी भाजून वाटण करायचे आणि तेल सुटेपर्यंत परतायचे. कढईला चिकटलेला मसाला कढत पाण्याने सोडवून सगळे भांड्यात ओतायचे. रात्री बाराच्या सुमारास लावले, पहिला तास ‘हाय’वर आणि पुढे ‘लो’वर ठेवले, की सकाळी नऊपर्यंत मटण शिजते. तिथून दुपारी एकपर्यंत ते ‘वॉर्म’वर राहते.

पहिल्यांदा हा रस्सा वाढला तेव्हा कोल्हापूरकडच्या एका पाहुण्याने वाटीत बघून विचारले, “वहिनी, मटण लोण्यासारखं झालंय, पण तर्री कुठाय?” प्रश्न अगदी नेमका होता. मटणाची चरबी रात्रभरात वर आली होती, पण ती फिकट होती. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो आणि तो उतरायला तेल चांगले तापलेले लागते. भांड्यातल्या पाणीदार रश्शात ते होत नाही. पुढच्या वेळी वाढण्याच्या आधी छोट्या कढईत तीन-चार चमचे तेल तापवले, गॅस बंद केला, क्षणभर थांबून त्यात काश्मिरी मिरचीची पूड आणि चमचाभर कांदा-लसूण मसाला घातला आणि लगेच रश्शावर ओतले. वर लालभडक कट पसरला आणि मसाल्याचा वास घरभर गेला. तेव्हापासून तर्री वेगळी करून ओतणे हा या कृतीचा पक्का भाग झाला.

त्याच पंगतीला एक आजोबा होते. कवळी बसवल्यापासून त्यांनी मटण जवळजवळ सोडले होते. या मटणाचा तुकडा बोटांनी सुटत होता. त्यांनी आधी रस्सा-भात घेतला, मग एक तुकडा, मग नळी मागून घेतली आणि सावकाश चोखून संपवली. वयस्कर पाहुणे असलेल्या घरात या भांड्याचा हा फार मोठा उपयोग आहे.

कोंबडीच्या बाबतीत मात्र वेळ निम्म्याने कमी करावी लागते. छातीचे मांस लांबलचक शिजवले की कोरडे आणि तंतूतंतू होते. मांडीचे हाडासकट तुकडे ‘लो’वर चार ते पाच तासांत चांगले होतात. आतले तापमान ७४ अंश झाले आहे हे थर्मामीटरने बघून घ्यावे.

अख्खा मसूर

शाकाहारी पाहुण्यांसाठी उत्तम ठरलेला पदार्थ म्हणजे कराड, इस्लामपूर, कोल्हापूर या पट्ट्यातल्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर. दोन वाट्या मसूर तीन-चार तास भिजवून, उपसून, पाच वाट्या कढत पाणी, हळद, थोडे तेल आणि मीठ घालून सकाळी आठला ‘हाय’वर लावायचे. साडेअकरापर्यंत दाणा बोटाने दाबला तर पिठूळ होतो, पण साल फुटत नाही. प्रेशर कुकरमध्ये एक शिट्टी जास्त झाली की मसुराचे वरण होते. इथे तो धोका कमी.

आंबट काही आधी घालायचे नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल यांच्या आम्लामुळे दाण्यातले पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि कडधान्य तासन्‌तास कडक राहते. मसूर मऊ झाल्याची खात्री झाल्यावर कढईत भरपूर तेलात जिरे, बारीक चिरलेला कांदा, आले-लसूण, टोमॅटो आणि कांदा-लसूण मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, तो भांड्यात मिसळायचा आणि अर्धा तास ठेवायचा. ढाब्यावरचा दाटपणा हवा असेल तर पळीभर मसूर घोटून परत घालायचा.

कांद्याच्या बाबतीत या भांड्यात एक वेगळी सोय आहे. पाच-सहा मोठे कांदे उभे चिरून, चार चमचे तेल आणि चिमूटभर मीठ घालून रात्रभर ‘लो’वर ठेवले तर सकाळपर्यंत ते मधाळ तपकिरी होतात. कमी तापमानाला रंग फार हळू येतो, पण दहा तास मिळाले तर येतो. हा कांदा थोडा पाणीदार असतो, म्हणून कढईत पाच मिनिटे कोरडा करून वाटणात वापरायचा. मोठ्या पंगतीच्या सकाळी कांदा परतत उभे राहण्याचा अर्धा तास वाचतो.

राजमा आणि चिली

पाहुण्यांत अमेरिकन शेजारी असतील तर त्यांच्या ओळखीचा एक पदार्थ ठेवलेला बरा. चिली हा टेक्सासचा पदार्थ. १९७७ पासून तो त्या राज्याचा अधिकृत पदार्थ आहे. मूळ चिली गोमांसाची, पण राजमा, काळा घेवडा, मका, टोमॅटो आणि सिमला मिरचीची शाकाहारी चिली आता सर्वत्र करतात. जिरे आणि मिरची हे त्यातले मुख्य मसाले मराठी जिभेला परके नाहीत.

इथे एक गोष्ट जिवाला जपून करायची आहे. कोरडा राजमा नुसता भिजवून स्लो कुकरमध्ये शिजवू नये. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. चांगल्या उकळीने ते नष्ट होते, पण ऐंशी अंशांच्या आसपास शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही अनेक पटींनी बाधक ठरू शकतो. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचे, ताज्या पाण्यात गॅसवर तीस मिनिटे खळखळ उकळायचा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालायचा. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, तो धुऊन थेट वापरता येतो. पाहुण्यांना नवीन पदार्थ खाऊ घालणाऱ्याने हा नियम कधीही मोडू नये.

राजमा उकळून मऊ होत आला की शिजलेला काळा घेवडा, मक्याचे दाणे, परतलेला कांदा, सिमला मिरची, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मिरची पूड घालून ‘हाय’वर तीन तास ठेवायचे. टोमॅटो शेवटच्या तासाला. शेजाऱ्यांनी चिलीबरोबर कॉर्नब्रेड आणला होता. मराठी पाहुण्यांनी तीच चिली ज्वारीच्या भाकरीवर घेतली, वर कच्चा कांदा आणि लिंबू पिळले. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या पानातले मागून घेतले, आणि त्या दुपारी भाकरी कमी पडल्या.

खपलीची खीर

गोडासाठी या भांड्यात सर्वांत चांगली होते ती गव्हाची खीर. सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागात ती खपली गव्हाची करतात. गहू ओलवून कांडायचा, सडायचा, आणि मग चुलीवर घोटत बसायचे, असे ते दिवसभराचे काम. अमेरिकेत इटालियन वाणसामानाच्या कपाटात ‘फारो’ नावाचे धान्य मिळते. त्यात बहुतेक वेळा मिळणारे मध्यम दाण्याचे फारो म्हणजे खपलीच, ट्रिटिकम डायकोकम. ‘पर्ल्ड’ लिहिलेल्या पुड्यात दाण्याची साल काढलेली असते, त्यामुळे कांडण्याचे काम उरत नाही.

दीड वाटी फारो रात्री भिजवायचे. सकाळी सहा वाट्या कढत पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ‘हाय’वर चार तास ठेवायचे. दाणा फुलून फाकला की लाकडी रवीने किंवा पळीने थोडा घोटायचा, म्हणजे खीर मिळून येते. दोन वाट्या चिरलेला गूळ घालायचा तो यानंतरच. गूळ आधी पडला तर दाणा पुढे मऊ होत नाही. गूळ विरघळून एकजीव झाला की भांडे बंद करायचे, पाच-सात मिनिटे थांबायचे आणि नारळाचे दाट दूध, वेलची, जायफळ आणि थोडी सुंठ घालायची. तुपात तळलेले खोबऱ्याचे काप आणि भाजलेली खसखस वरून.

मटण आणि खीर एकाच दिवशी करायची असेल तर दोन भांडी लागतात, म्हणून खीर शाकाहारी जेवणाला ठेवणे सोयीचे. ही खीर कोमट चांगली लागते, त्यामुळे पाहुणे गप्पांत रमले तरी तिचे काही बिघडत नाही.

या भांड्यात जे करू नये

भरली वांगी स्लो कुकरमध्ये आकार धरत नाहीत. वरचे साल मऊ पडते, सारण बाहेर येते आणि फोडणीत परतल्याचा वास राहत नाही. भेंडी बुळबुळीत होते. पालेभाज्यांचा हिरवा रंग काळपट पडतो. मासे पाऊण तासातच मोडतात. तांदूळ कडेला चिकट आणि मध्ये कच्चा राहण्याची शक्यता असते, म्हणून मोकळा भात गॅसवरच करावा. पोहे, उपमा, पिठले अशा दहा मिनिटांच्या पदार्थांना या भांड्याची गरजच नाही.

पानावर

पाहुण्यांनी पदार्थाची पारख करावी असे वाटत असेल तर प्रश्न नेमके विचारावे लागतात. “कसं झालंय?” म्हटले की मराठी पाहुणा “छान झालंय” म्हणतो, कारण यजमानाच्या कष्टाचा मान राखायची त्याला सवय आहे. “मीठ बरोबर आहे का?”, “रस्सा अजून दाट हवा का?”, “मुलांना तिखट लागलं का?” असे विचारले की लोक मोकळेपणाने सांगतात. वाढताना बघितले तरी बरेच कळते. दुसऱ्यांदा कोणत्या पातेल्याकडे हात जातो, ताटात काय उरते, मुले काय बाजूला सारतात. जेवणानंतर हे वहीत टिपून ठेवावे: पाणी किती घातले, तुकडे केवढे होते, किती तास लागले. प्रत्येक भांड्याची उष्णता थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या भांड्याची वही आपणच करावी लागते.

या सगळ्याचा खरा लाभ पानावर बसल्यावर दिसतो. मराठी घरात पाहुणे जेवायला आले की घरची बाई पोळ्या लाटत, वाढत, सगळ्यांचे झाल्यावर जेवते. तिने रांधलेले सगळे चाखतात, पण तिच्याशी बोलणे होते ते ओट्यावरून. स्लो कुकरमुळे मुख्य पदार्थ आदल्या रात्री किंवा सकाळीच मार्गी लागतो. पाहुणे येतात तेव्हा फक्त तर्री ओतायची किंवा फोडणी द्यायची असते. भांडे टेबलावरच ‘वॉर्म’वर ठेवले की ज्याला हवे तो घेतो. यजमानीण पहिल्या पंगतीला बसते, तिचे जेवण गरम असते आणि गप्पांत तिचा वाटा असतो. नव्या पाककृतींपेक्षाही ही गोष्ट मोलाची आहे, आणि प्रत्येक घराने ती करून बघावी.

उरलेले अन्न

जेवण झाल्यावर उरलेले अन्न भांड्यातच ठेवून झोपू नये. जाड मातीच्या भांड्यात उष्णता बराच वेळ टिकते आणि अन्न फार हळू थंड होते, म्हणजे पुन्हा त्याच धोक्याच्या टप्प्यात रेंगाळते. वीज बंद केल्यापासून दोन तासांच्या आत अन्न उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवावे. रिकामे भांडे गरम असताना त्यात गार पाणी ओतू नये, तडा जातो. फ्रीजमधले अन्न स्लो कुकरमध्ये गरम करू नये. ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ७४ अंशांपर्यंत तापवावे आणि हवे असल्यास मग ‘वॉर्म’वर ठेवावे. मटणाचा रस्सा आणि अख्खा मसूर दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेले असतात, म्हणून पाहुण्यांना डबे भरून द्यायचे ते याच दोन पदार्थांचे. खीर घट्ट होते. गरम करताना तिच्यात थोडे कोमट पाणी घालून मंद आचेवर सैल करावी आणि नारळाचे दूध नव्याने घालावे.